दाराचा दणका

माल्मो, १२ नोव्हेंबर

प्रिय इवारदादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मी बोलायचं तेच विसरते, म्हणून लिहितेय. गुडघा कसा आहे? इकडे अजून बर्फाचा पत्ता नाही, नुसती पावसाची पिरपिर.

बँडचं विचारशील तर माझं डोकंच चालेनासं झालंय. दहा वर्षं इंग्रजीत गायलो, व्हॅनमध्ये झोपून जर्मनी पालथी घातली, दुसऱ्या रेकॉर्डला कुत्रंही विचारेना. मग आमचा ड्रमवाला सिक्स्तेन म्हणाला, "तुवा, शेवटचं एकदा आपल्या स्वीडिश भाषेत गाऊन बघ." गायले, आणि आता रेडिओवर दिवसभर आम्हीच! पण इंग्रजीच्या आडोशाला किती बरं होतं रे. आईला इंग्रजी कुठे कळतं, म्हणायचीच ना, "मला तर तुझी सगळीच प्रेमगीतं वाटतात."

मागच्या शनिवारी आपल्या गावी, हेर्नोसांदच्या सभागृहात गायलो. तुझी कारखान्यात पाळी होती. नवी रेकॉर्डही तू अजून ऐकली नाहीस म्हणे. का रे?

आई पहिल्या रांगेत, शेजारी चर्चमध्ये तिच्याबरोबर गाणारी गुनब्रित. आणि मी ते गाणं गायले. आई आपल्याला सोडून नॉर्वेला गेली, त्या पहाटेचं. त्यात ती धाडकन दार आपटून जाते. सिक्स्तेन तिथे असा दणका देतो की खुर्च्या हलतात.

नंतर गुनब्रित म्हणाली, "आवाज गोडच गं तुझा. पण आता शब्द कळायला लागले, ही जरा पंचाईतच झाली!" आईने थर्मासमधून कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला. सुटले म्हणावं की मेले, काही कळेना.

निघताना कोटाची बटणं लावत म्हणाली, "मी गेले, ते खरंय. त्याला माफी नाही. पण दार मी आपटलं नव्हतं, तुवा. हळूच लावलं होतं. तू झोपली होतीस ना."

दादा, झोपलेच होते मी. त्या दणक्यानेच तर जागी झाले! उठून आले तर तू दाराशी अनवाणी उभा, हात बर्फासारखे गार. म्हणालास, "जा, झोप. वारा होता." मला वाटलं, आईला पाठीशी घालतोयस. दोन वर्षं तू मला सॉसेज तळून वाढलेस, आणि आई परत आल्यावरही मी तो दणका तिच्या नावावर धरून ठेवला.

आई खोटं बोलतेय का? की मीच खोटं गातेय? शुक्रवारी गोथेनबर्गला कार्यक्रम आहे, तिकिटं संपलीत. सिक्स्तेन म्हणतो, "गाण्यात कसलं आलंय खरं-खोटं!" त्याचं काय जातंय!

गाऊ की नको, तूच सांग. पण त्याआधी एवढं सांग, आईच्या मागे ते दार तू आपटलंस का? आपटलं असशील तर बरं केलंस रे. तेरा वर्षांचा होतास, तुला कसं वाटतंय हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. तो दणका तुझा असेल तर ते गाणं तुझंच आहे, आणि तुला न विचारता मी ते गावभर आईच्या नावावर गातेय.

त्या आवाजाने उठून तुझ्यापाशी आलेली,
तुवा