गाळलेलं रीळ

५ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुला वाटेल, ह्याचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर मी तुझं ऐकून घेत नाही अशी तुझी तक्रार असते, आणि आजची बातमी मला तू मध्ये न बोलता सांगायची आहे. ताई, आपला सिनेमा सापडला! इतकी वर्षं त्याची प्रतच कुठे नव्हती, आम्ही नुसत्या गाण्यांवर भागवत होतो. आता एका गोदामात अख्खी प्रत मिळाली, सगळ्या रिळांसकट. आमच्या चाहता मंडळाने ती स्वच्छ करून घेतली आणि येत्या रविवारी इथल्या मोठ्या थिएटरात तिचा खेळ ठेवला आहे. चिटणीस ह्या नात्याने मी ठराव मांडला, की सर्वांत निस्सीम चाहती म्हणून तुझा सत्कार व्हावा आणि खेळ संपल्यावर तू चार शब्द बोलावंस. ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हा नाही म्हणायची सोय नाही.

मी स्वतः तो सिनेमा शेवटपर्यंत जागा राहून कधीच पाहिलेला नाही, हे मात्र मंडळात बोलू नकोस. मी तुझ्या मांडीवर झोपून जायचो आणि तू मला खांद्यावर टाकून घरी आणायचीस, एवढंच मला आठवतं.

दुसरं म्हणजे ठकी आठवड्यापासून इथेच आहे. जावईबापूंशी काहीतरी बिनसलं आहे. बॅग मोठी आणली आहे, म्हणून ही काळजीत आहे. लेक काही बोलत नाही. तुझ्याशी बोलेल.

येताना कडक इस्त्रीचे कपडे घाल, लाँड्रीवाल्या बाईंनी मंडळात चुरगळलेलं येणं बरं दिसणार नाही. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना गोड पापा, आणि तुझ्या वाटणीचा लोभ इथे आल्यावर.

तुझा,
धाकटा


१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. आज ते जरा कमी आहेत, आहेत तेवढे घे.

मी न जेवता, न सांगता निघून आले म्हणून तुझ्या बायकोला वाईट वाटलं असेल. तिची माफी मागते. तुझी मागणार नाही.

काय रे होतं ते? नायिकेने दार ओढून घेतलं, रस्त्याला लागली, पाठमोरी चालू लागली, आणि मी पिशवी सावरून उठले, कारण इथे दिवे लागतात. मी जितक्या वेळा तो सिनेमा पाहिला तितक्या वेळा इथेच दिवे लागले आहेत. तर दिवे लागेनात. ती बाई आपली चालतेच आहे, पुलावर काय थांबते, रडते काय, आणि मागे फिरते! त्याच दाराशी येऊन नवऱ्याची माफी मागते. तोही मोठ्या मनाने माफ करतो, आणि ही हसतमुखाने आत जाऊन चूल पेटवते. वरून व्हायोलिनं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर आल्यावर मी तुमच्या अध्यक्षमहाशयांना विचारलं, की हे शेपूट कुणी जोडलं. लहान मुलाला समजवावं तसे ते हसले आणि म्हणाले, की हाच मूळचा शेवट आहे, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं अर्ध्याच सिनेमाच्या चाहत्या आहात, तेव्हा तुमचे चार शब्द आज राहू द्या. वर मंडळाचा बिल्ला परत मागितला! तू कौतुकाने टाचला होतास तो. मी काढून त्यांच्या हातावर ठेवला. काढताना पिन बोटात गेली.

मी म्हणते, चाहता म्हणजे कोण? ह्या गृहस्थाने सिनेमाच्या तबकड्या जमवल्या, जाहिराती जमवल्या, कपाटात लावल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. मी तो सिनेमा पाहून घर सोडलं. हे तुला ठाऊक आहे, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. नवऱ्याच्या घरातून निघताना मान कशी ठेवायची, हे मला कुणी शिकवलं? आईने? तिने तर हात जोडले होते. त्या बाईने शिकवलं. आणि आता हे मला सांगणार, की ती परत गेली होती!

आपल्या गावच्या टॉकीजमध्ये ते शेपूट का नव्हतं, ते शोधून काढ. चिटणीस आहेस ना?

ठकी पायऱ्यांवर माझ्याजवळ उभी होती. तिने बोटाला रुमाल बांधून दिला. तुम्हा सगळ्यांत तेवढीच एक शहाणी आहे.

लोभ सध्या आवरून ठेवला आहे.

तुझी,
ताई


२५ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा कान धरून सा. न.

तुझ्या हुकुमाप्रमाणे शोध लावला. आपल्या टॉकीजमधले मशीनवाले काका अजून आहेत, मुलाकडे राहतात. ऐकू अजिबात येत नाही, प्रत्येक प्रश्न कागदावर लिहून विचारावा लागला. उत्तरं मात्र त्यांनी अशी ओरडून दिली, की शेजारीपाजारी जमा झाले. त्यांचं म्हणणं असं, की आसपासच्या खेड्यांना जाणारी शेवटची बस सिनेमा संपायच्या आधीच सुटायची. शेवटचं रीळ लागलं की निम्मं थिएटर खुर्च्या आपटत उठायचं, बाकीचे त्यांच्या नावाने शंख करायचे, एकदा तर हाणामारी झाली. शेवटी मालक म्हणाले, की बाईने दार ओढलं की दिवे लाव. कुणी तक्रार केली नाही. ते रीळ डब्यातच पडून राहिलं आणि काका त्या डब्यावर आपलं ताट ठेवून जेवायचे.

तेव्हा ताई, कुणाचा कट नव्हता. बस लवकर होती, एवढंच. अध्यक्षांनी बिल्ला मागायला नको होता, हे मी त्यांना सांगितलं. पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे. खरा चाहता दिग्दर्शकाने केला तसा सिनेमा पत्करतो, आपल्या सोयीचा तुकडा घेऊन बसत नाही.

आता खरं काम. हिला वाटतं, ठकीने तो शेवट पाहिला ते एका परीने बरंच झालं. एवढी मानी बाई, पण तीसुद्धा परत गेली. जावईबापू शांत स्वभावाचे आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. ते रविवारी न्यायला येणार आहेत. ठकी आमचं ऐकत नाही, तुझं ऐकते. तू एक ओळ लिही, की झालं गेलं विसरून जा. तू लिहिलंस तर ती जाईल.

राग सोड आणि लोभाचं कुलूप काढ.

तुझा,
धाकटा


३० जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद द्यायला हात उचलला आहे, तो पाठीत बसला नाही हे नशीब समज.

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि इस्त्री हॉटेलच्या चादरीवर तशीच राहिली. चादर जळाली. हॉटेलवाल्याला काय सांगू, भाऊ उपदेश करत होता म्हणून?

बसचं ऐकून आधी मला हसू आलं. मग इतका संताप आला, की कामाला आलेली बाई घाबरून बाहेर जाऊन उभी राहिली. एक बस लवकर सुटायची म्हणून मी घर सोडलं? ती उशिरा सुटती तर मी आयुष्यभर तिथेच बसले असते? ह्याचं उत्तर तुमच्या मंडळाकडे असेल तर ठराव करून कळवा.

आणि ठकीला मी लिहू, की जा? आवाज चढवत नाहीत, हे तुला पुरेसं वाटतं? माझा नवराही आवाज चढवत नसे. त्याला कधी गरजच पडली नाही. त्या पोरीला काय झालं हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का रे? सिनेमाच्या शेवटावर घरातल्या सगळ्यांची मतं तयार, आणि जिचा संसार आहे तिला मत विचारायला कुणाला सवड नाही! मूग गिळून ती बसली आहे, ती काय उगीच?

तिला सांग, बॅग उचल आणि इकडे ये. दुकानावरची खोली मी आजच झाडून घेतली आहे. मागे बघू नकोस म्हणावं. हे पत्र तिच्याच हातात दे, तुझ्या तोंडून सांगू नकोस.

लोभाची चौकशी राग उतरल्यावर करावी.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. आत्येस,
ठकीचा सा. न.

बाबांनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं. देताना माझ्याकडे बघत नव्हते.

आत्या, तू चिडलीस तशी मीही चिडले आहे, आणि तुझ्यावरसुद्धा. आई म्हणते, ती परत गेली म्हणून तू जा. तू म्हणतेस, ती निघाली म्हणून तू ये. अग, मी त्या सिनेमाची चाहती नाहीच मुळी! मला तो रडका वाटला. घर सोडताना ती बाई साधी बॅगसुद्धा घेत नाही, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं. काय झालं ते कुणी विचारलं नाही असं तू लिहिलंस, पण तूही उत्तर ऐकायच्या आधीच खोली झाडायला घेतलीस.

तर आता ऐक. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होते. मी तापाने घरी होते तेव्हा ह्यांनी तिथे परस्पर फोन करून कळवलं, की ती आता कामावर येणार नाही. बरी होऊन गेले, तर माझ्या जागेवर दुसरी मुलगी. घरी विचारलं तेव्हा हसून म्हणाले, की तुला विश्रांती हवी होती. मारलं नाही, ओरडले नाहीत. सिनेमात दाखवण्याजोगं काहीच नाही. म्हणूनच मला सांगता येत नव्हतं.

रविवारी ते आले. बाबांनी चहा पुढे केला आणि सगळ्यांसमक्ष मला विचारलं, की तुझं काय म्हणणं आहे. बाबांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हणाले, की ह्यांनी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत यावं आणि फोन मला न विचारता केला होता, हे तिथल्या मुख्य बाईंना सांगावं. ते म्हणाले, की एवढ्याशा गोष्टीचा किती तमाशा. तेव्हा बाबा उठले आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आले. आईने अबोला धरला आहे. सोमवारी मी एकटीच जाऊन मुख्य बाईंना भेटले. काम मिळालं आहे, पहाटेच्या पाळीचं. पुढचं मी ठरवलेलं नाही, आणि ठरवायची घाई कुणी करू नये, तूसुद्धा.

फक्त एक विचारते. त्या बाईचं खूप झालं. घर सोडल्यावर तुला कधी परत जावंसं वाटलं का? सिनेमातलं नको, तुझं लिही.

तुझ्यावर चिडलेली आणि तरी तुझीच,
ठकी


११ फेब्रुवारी

चि. ठकीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चांगलंच फैलावर घेतलंस मला. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. खोली झाडली आहे ती राहू दे, तू आली नाहीस तर चादरी ठेवायला उपयोगी पडेल.

वाटलं का म्हणून काय विचारतेस? मी गेले होते.

तुझ्या बाबांना हे ठाऊक नाही. तो तेव्हा मामाकडे शाळेला होता. आईवडिलांना ठाऊक होतं, पण त्यांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही. घर सोडून माहेरी येऊन महिना-दीड महिना झाला असेल. हाताला काम नव्हतं, दिवस खायला उठायचा, रस्त्यावर ओळखीच्या बायका बघून न बघितल्यासारखं करायच्या. एका दुपारी उठले आणि चालू लागले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. माफीही मीच मागितली. त्याने दार उघडलं, बाजूला झाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. मी स्वयंपाक केला. तो जेवला, मीठ कमी आहे म्हणाला. एवढंच झालं ग. मी किती वेळ वाट बघत होते, की आता काहीतरी बोलेल.

त्या दिवशी थिएटरात सगळ्यांना वाटलं, मला तो शेवट ठाऊक नव्हता म्हणून मी भडकले. मला तो चांगलाच ठाऊक होता. पुलावर थांबणं, मागे फिरणं, सगळं त्या दिग्दर्शकाने बरोबर दाखवलं आहे. फक्त चूल पेटवताना ती हसते, ते साफ खोटं आहे. त्या हसण्याचाच मला संताप आला. अजून येतो. आणि तरीही मी त्या सिनेमाची चाहती आहे, कुणी बिल्ला देवो न देवो. पहिल्यांदा बाहेर पडायचं बळ मला त्यानेच दिलं, आणि ज्याने बळ दिलं त्याला मी नावं ठेवते ती हक्काने ठेवते.

थोडे दिवस मी तिथे राहिले. मग पुन्हा निघाले. ह्या वेळी डोळ्यांपुढे ना सिनेमा होता, ना ती बाई. सकाळची वेळ होती, हातात पिशवी होती, एक चप्पल चावत होती, आणि इस्त्रीकामाला बाई हवी अशी पाटी ज्या दुकानावर लागली होती, ते उघडलं असेल की नाही एवढीच मला काळजी होती. ते उघडं होतं.

हे पत्र बाबांना दाखवलंस तरी चालेल. तुझं ठरलं की कळव, ठरलं नाही तरी कळव. आणि माझ्यावर अशीच चिडत राहा, म्हणजे लोभ आहे हे मला समजेल.

तुझी,
आत्या