राष्ट्राध्यक्षांचा वारस दाखला

प्रति,
मा. उपकुलसचिव,
पीएच.डी. विभाग, गोदातीर विद्यापीठ,
मुख्य प्रशासकीय इमारत, दुसरा मजला (लिफ्ट बंद).

अर्जदार : सौ. शर्मिला श्रीकांत गोवर्धने,
सध्या मुक्काम दम्माम, सौदी अरेबिया.

विषय : पीएच.डी.ची नोंदणी रद्द न करता तोंडी परीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले ‘कारणे दाखवा’ पत्र, ज्यावर जावक क्रमांक आहे पण सही नाही.
२) त्याच पत्राची दुसरी प्रत, जिच्यावर सही आहे पण जावक क्रमांक नाही.

महोदय,

वरील दोन्ही कागद एकत्र धरले तर एक पत्र होते, असे समजून हा अर्ज सादर करीत आहे.

१. मी आपल्या विद्यापीठाची इतिहास विषयाची संशोधक विद्यार्थिनी आहे. एका अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीतील अंतर्गत आणि परराष्ट्र व्यवहारांचे अभिलेख हा माझ्या प्रबंधाचा विषय. पेट्रोल पंपावरच्या रांगांची चिंता करणारे त्यांचे अधिकारी आणि आखातातल्या राजांशी बोलणी करणारे त्यांचे अधिकारी एकमेकांशी किती बोलत होते, हे मी त्या कागदांवरून तपासले. राष्ट्राध्यक्षांचे नाव प्रबंधाच्या मुखपृष्ठावर आहे. इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्या विभागाने ते प्रत्येक पत्रात निराळे लिहिले, आणि एकदा तर अशा गृहस्थांचे लिहिले ज्यांच्या काळात मोटारगाडीच निघाली नव्हती.

२. आपले म्हणणे असे की माझी मुदत या महिनाअखेर संपते, तोंडी परीक्षा झालेली नाही, सबब नोंदणी रद्द का करू नये याची कारणे मी दाखवावीत. तोंडी परीक्षा घेणे हे आपले काम. ती आपण घेतली नाही. आणि ती का झाली नाही याची कारणे मी दाखवायची! वा, साहेब, वा! माझे यजमान श्रीकांत इथे जुबैलच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांचे कंत्राट उन्हाळ्यात संपते आणि आम्ही नाशिकला परत येतो. तिथल्या महाविद्यालयातली माझी शिकवण्याची जागा पीएच.डी.वाचून मला परत मिळणार नाही. नोंदणी रद्द झाली तर माझ्या वयाला हे सगळे पुन्हा पहिल्यापासून होणे नाही. आपल्यासाठी हा टेबलावरचा एक कागद आहे, माझे मात्र पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. म्हणून कारणे दाखवीत आहे. कृपया बसून वाचावीत.

३. पहिले कारण तलाठी. मी परदेशी राहते म्हणून आपण माझ्याकडे तलाठ्याचा रहिवासी दाखला मागितला. दम्माममध्ये समुद्र आहे, बंदर आहे, तेलाच्या टाक्या आहेत, तलाठी नाही. मी इकाम्याची प्रत पाठवली. इकामा म्हणजे इथल्या सरकारने दिलेले राहण्याचे ओळखपत्र, त्याच्यावाचून इथे पान हलत नाही. आपले उत्तर आले की “इकामा ही संस्था विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आढळून येत नाही.” श्रीकांत जेवता जेवता उठून आतल्या खोलीत गेले, त्यांना हसू आवरेना. मला हसू आले नाही. वकिलातीच्या शिबिरात रांगेत उभी राहून मी शेवटी एक शिक्का मिळवला. तो आपण स्वीकारलात. का, ते मला अजून कळलेले नाही.

४. दुसरे कारण गोल शिक्का. संशोधनासाठी वापरलेल्या सर्व ग्रंथालयांची ना-देय प्रमाणपत्रे जोडावीत, असा आपला नियम आहे. माझे कागद ज्या अभिलेखागारात आहेत ते अमेरिकेत आहे. तिथून मी एकही पुस्तक घरी आणलेले नाही, आणणे शक्यही नव्हते. त्यांनी कागदांच्या प्रती मेलवर पाठवल्या आणि मी त्या दम्मामच्या घरात जेवणाच्या टेबलावर वाचल्या. हे मी आपल्याला कळवले. आपण तोच नियम पुन्हा पाठवला, ठळक अक्षरांत. तेव्हा लाज गुंडाळून ठेवून मी त्या अभिलेखागाराला लिहिले की मी आपले काही देणे लागत नाही असा दाखला आमच्या विद्यापीठाला हवा आहे. तिथल्या बाईंना काय वाटले असेल ते असो. त्यांनी लगेच संस्थेच्या कागदावर, सहीनिशी, तसे लिहून दिले आणि खाली काम पूर्ण होण्यासाठी शुभेच्छाही दिल्या. आपण तो दाखला परत पाठवला. शेरा : ‘गोल शिक्का नाही.’

आमच्या शेजारी तबस्सुमबाई राहतात, मूळच्या रत्नागिरीकडच्या. दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले तर उन्हातून परत जाऊन देणारी बाई. त्या मला म्हणाल्या, गोलच पायजे ना, मग रडतेस कशाला, आमच्या ह्यांच्या दुकानाच्या बाजूला शिक्के बनवून देतात, वर गरुडसुद्धा काढून देईल. अशा बाईच्या तोंडून हे वदवून घेण्यापर्यंत आपल्या विभागाची मजल गेली, हे नोंद असावे. मी अर्थातच नको म्हटले. पुन्हा त्या अमेरिकेतल्या बाईंना लिहिले. त्यांनी विचारले की शिक्का गोल म्हणजे साधारण केवढा हवा. ते वाचून मात्र मला खरोखर रडू आले. त्यांनी कुठूनसा एक जुना शिक्का शोधून मारून दिला. तो लंबगोल आहे. त्यावर आपला निर्णय प्रलंबित आहे.

५. याच सुमारास आपल्या ध्यानात आले की मी एका माणसाचे कागद वापरले आहेत. मग त्या माणसाचे संमतिपत्र मागवलेत. मी कळवले की ते राष्ट्राध्यक्ष वारले आणि त्यांचे कागद आता कुणालाही पाहायला खुले आहेत. आपण त्यातले पहिले अर्धेच वाक्य वाचले असावे. कारण उत्तर आले : “मयत असल्यास मृत्यूचा दाखला व वारस दाखला जोडावा. वारस एकाहून अधिक असल्यास सर्वांचे स्टँपपेपरवर ना-हरकत सादर करावे.” मी कपाळाला हात लावला. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलाबाळांनी तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायचे. कशासाठी? तर गोदातीर विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाच्या जिवाला चैन पडावे म्हणून! माझी मुलगी तन्वी इथल्या शाळेत शिकते. तिला हे दाखवले तर म्हणाली, आई, दे आर नॉट सीरियस, राइट? मी म्हटले, बाळा, तेच तर दुखणे आहे, ते सीरियस आहेत.

६. हा परिच्छेद श्रीकांतनी वाचून खोडला. तो आपल्याविषयी व्यक्तिशः होता. त्यातले एकही वाक्य मी मागे घेतलेले नाही, एवढे कळावे.

७. माझ्या प्रबंधावर दोन परीक्षकांचे अहवाल आले असल्याचे आपणच एकदा फोनवर बोलून गेलात. मी त्यांच्या प्रती मागितल्या. आपण लिहिले, ‘गोपनीय’. आता आपण नीट लक्ष द्यावे. ज्या सत्तेला सारे जग टरकून असते, तिच्या राष्ट्राध्यक्षांनी बंद दाराआड काय बोलणी केली ते मी वाचले. राजदूतांचे अहवाल वाचले. काही कागद तिथेही काढून ठेवलेले असतात. पण काढलेल्या कागदाच्या जागी एक चिठ्ठी ठेवलेली असते, की इथे अमुक कागद होता, तो अमक्या कारणाने काढला. आणि अर्ज केला तर तो पुन्हा तपासतात. मी असा अर्ज केला होता. मी कोण, कुठली, माझ्याकडे गोल शिक्का आहे का, असे कुणी विचारले नाही. काही कागद त्यांनी मला खुले करून दिले. दुसऱ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांची गुपिते मला घरबसल्या मिळतात, आणि मीच लिहिलेला प्रबंध बरा की वाईट, हे मात्र गुपित! आपण असे काय सांभाळता आहात हो त्या कपाटात?

८. आता तोंडी परीक्षेचे. ती एकदा ठरली होती. मी तन्वीची परीक्षा टाकून, श्रीकांतच्या साहेबांच्या पाया पडून, सौदीत पुन्हा शिरता यावे म्हणून लागणारा परतीचा व्हिसा काढून आले. आपल्या नियमाप्रमाणे ही परीक्षा खुली असते, कोणीही समोर बसून प्रश्न विचारू शकतो. माझे वडील निवृत्त मुख्याध्यापक. ते काठी टेकत माझ्याबरोबर आले. लिफ्ट बंद होती, ते जिन्यात दोनदा बसले. म्हणाले, मी एक प्रश्न काढून आणलाय, तुला आधी सांगणार नाही, सगळ्यांच्या समोर विचारणार. बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी चहा घेतला, बिस्किटे खाल्ली. मग कळले की त्यांना पाठवलेल्या निमंत्रणावर जावक क्रमांक पडलेला नाही, जावक नोंदवही कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली घेऊन लिपिक मेहुण्याच्या साखरपुड्याला गेले आहेत. आपण त्या वेळी स्वच्छता पंधरवड्याच्या बैठकीत होता. परीक्षक हात जोडून निघून गेले. कार्यालय बंद होईपर्यंत वडील बाकावर बसून होते, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांना वाटत होते, कुणीतरी किल्ली आणील. पुढच्या तारखेची वाट पाहता पाहता ते गेले. त्यांचा प्रश्न काय होता ते मला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. याला आपल्या नियमांत कोणता दाखला लागतो, ते कळवावे. तो मी खरेच आणून देईन.

९. त्यानंतर तारीख विचारायला फोन केला असता आपल्या विभागातून मला सांगण्यात आले की मॅडम, तुम्ही सौदीत राहता, तुम्हाला काय कमी आहे, ही पदवी तुम्हाला हवी कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उत्तर दिले नाही, आपल्याला देते. मला पदवी मिरवायची नाही. मी एक काम केले आहे. ते वाचा, तपासा, चुकले असेल तर तोंडावर सांगा, बरोबर असेल तर तसे म्हणा. एवढ्यासाठीच विद्यापीठ नावाची वस्तू असते, अशी माझी भाबडी समजूत होती. घरचे सगळे म्हणतात, खलास म्हण आणि सोडून दे. मी सोडत नाही. आपल्यासारख्यांच्या तोंडाकडे पाहून सोडण्याइतके ते काम हलके नाही.

१०. आपल्याच विभागातील एका व्यक्तीने, नाव सांगणार नाही, मला कळवले की नोंदणी रद्द झाली की माझी फाईल ‘ड’ वर्गात टाकली जाईल. ‘अ’ वर्गातले कागद कायम जपतात, ‘ड’ वर्गातले थोडे दिवस ठेवून रद्दीत देतात. म्हणजे तलाठी, लंबगोल शिक्का, वारस दाखला, किल्ली, सारे एकाच गठ्ठ्यात जाईल आणि आपण मोकळे. इथे आपली एक गैरसमजूत दूर करणे भाग आहे. राष्ट्राध्यक्षांच्या ज्या अधिकाऱ्यांच्या फायली मी वाचल्या, ती फार मोठी माणसे नव्हती. तीही ‘तपासून सादर करावे’ असे लिहून कागद पुढे ढकलत होती. त्यांनाही वाटत असणार, हे वाचणार कोण? मी वाचले. नाशिकची एक बाई, गॅसवर कुकर चढवून, त्यांचा शेरा न् शेरा वाचत होती. कुणी काम टाळले, कुणी दुसऱ्याच्या गळ्यात घातले, कोण धडधडीत खोटे बोलले, हे तिने नावानिशी लिहून ठेवले आहे. त्यांतल्या एकालाही मी सोडलेले नाही.

सबब विनंती की महिनाअखेरीपूर्वी माझी तोंडी परीक्षा घ्यावी. मी तिकीट काढलेले आहे. ते आपल्याच्याने होणार नसेल, तर नोंदणी खुशाल रद्द करावी. मात्र माझी फाईल ‘अ’ वर्गात ठेवावी, एकही कागद न काढता. मला ती पुन्हा पाहायची नाही. पण इतिहासाची एखादी विद्यार्थिनी पुढेमागे आपल्या अभिलेख कक्षात येईल, दोरी सोडील आणि हा प्रबंध कुणी मारला ते वाचील. तिला आपले नाव नीट लागावे, म्हणून रद्दच्या आदेशावर सहीखाली ते सुवाच्य अक्षरांत लिहावे.

आपल्या पटावर अजून असलेली,

शर्मिला श्रीकांत गोवर्धने
दम्माम, दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रत : अभिलेखपाल, तळमजला, कायम जतनासाठी.