भिंतभर खोली

प्रिय ठमे,

मागे एकदा फोनवर तू वैतागून विचारलंस, की बाबा, एक फोटो जोडायला इतके दिवस लागतात का. लागतात बाई. तुझा बाप जन्मभर लग्नांचे आणि शाळेच्या वर्गांचे फोटो काढत आला, लोकांना हलू नका म्हणण्यात आयुष्य गेलं. भिंतीएवढा फोटो करायची वेळ म्हातारपणी येईल आणि तीही आपल्याच घरासाठी, असं कधी वाटलं नव्हतं.

आईला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं तेव्हा तूच म्हणालीस, की नव्या जागी ती बावरेल, तिच्या शिवणाच्या खोलीचा फोटो तिथल्या भिंतीवर भिंतभर लावा. कल्पना तुझी आणि घाम माझा, हे आपल्या घरात नेहमीचंच. मी खोलीच्या मधोमध ट्रायपॉड रोवला आणि कॅमेरा जरा जरा फिरवत फोटो घेत गेलो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग यावा लागतो, त्याशिवाय सांधा बसत नाही. आईला म्हटलं, तू स्वयंपाकघरात जाऊन बस. ती कसली बसते. मी फिरतोय आणि ती आपली खोलीभर. एका फोटोत मशीनवर वाकलेली, एकात टेबलावर खडू शोधतेय, एकात खिडकीपाशी कापड उजेडात धरून बघतेय. जोडून पाहिलं तर एकाच खोलीत तीन आया, त्यातल्या खिडकीपाशीच्या आईला एक हात नाही. मी चिडलो. ती जरा आडवी झाल्यावर रिकाम्या खोलीचे फोटो पुन्हा घेतले आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एक थर वर पसरून तिला सगळीकडे झाकून टाकलं. हललेलं माणूस म्हणजे बिघडलेला फोटो, हे हाडात भिनलंय माझ्या.

मग सुरू झालं फाइलचं रामायण. कॉम्प्युटर उघडला की नुसतं चाक गरगरतंय. तू सांगितलेलं सगळं केलं. बाकीचे प्रोग्रॅम बंद केले, नवी डिस्क आणली, एकेक भिंत वेगळी जोडून मग चारी भिंती जोडल्या. एवढी एकच गोष्ट ऐकली नाही, आधी प्रत्येक फोटो लहान करून मग जोडायची. करून पाहिलं होतं. स्क्रीनवर छान दिसलं, पण भिंतीच्या मापात मोठं केल्यावर फळीवरच्या रिळांचे रंग एकमेकांत मिसळले. तुझी आई लांबून बघणारी आहे का? नाक लावून बघेल आणि म्हणेल, हा माझा दोरा नव्हे.

शेवटी छपाईवाल्याकडे गेलो. त्याच्या मशीनलाही फाइल उघडेना. तो म्हणाला, काका, सगळे थर दाबून एक करा, फाइल एकदम हलकी होईल. त्याचं बरोबरच होतं. पण ठमे, झाकलेलं असतं ते खाली शाबूत असतं. झाकण उचललं की परत दिसतं. थर एक केले की वरचं तेवढं उरतं आणि खालचं कायमचं जातं. खाली तिघी होत्या. एक प्रत काढून तिचे थर दाबले, ती त्याला दिली. मूळ फाइल तेवढी हलकी करायला हात धजेना. डिस्क भरत आली तरी तशीच ठेवली.

रिकामी खोली भिंतीवर लागली. आई खूश झाली, रिळांवरून बोट फिरवलं, कात्री कुठे टांगली आहे ते नर्सला दाखवलं. नंतर मात्र अस्वस्थ व्हायला लागली. सारखी दाराकडे बघायची. इथे कुणीतरी असायचं, ती कुठे गेली, म्हणून मला विचारायची. घरी येऊन मूळ फाइल उघडली, चहा करून प्यालो तरी चाक फिरतच होतं. शिवणाच्या मशीनपाशी झाकण उचललं. तुझी आई पाठमोरी, वाकलेली, मानेवर केस सुटलेले. तेवढा पट्टा पुन्हा छापून घेतला आणि भिंतीवर चिकटवला.

आता ती त्या बाईशी बोलत असते. ती बाई म्हणजे आपणच, हे तिला उमगत नाही. मलाही ती फोटोवाले म्हणते, अहोजाहो करते. लग्नाआधीसुद्धा इतका मान मिळाला नव्हता मला. मी हसतो, घरी येतो आणि रडतो. काल तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, फोटोवाले, त्या बाईंना सांगा, पुरे झालं शिवणं, आता उठा, मुलगी शाळेतून येईल इतक्यात, घरात कुणी दिसलं नाही तर घाबरते ती.

फोनवर मी तुला आई बरी आहे म्हणत आलो. तशी ती परवापर्यंत होती. आता घास तोंडातच धरून ठेवते, गिळायचं विसरते. पाणी चमच्याने द्यावं लागतं. आज डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलावून घ्या. तुला दोनदा फोन लावला आणि तू हॅलो म्हणायच्या आत ठेवून दिला. म्हणून हे लिहून पाठवतोय. सुट्टी लागायची वाट बघू नकोस. ती तुला ओळखेल असं खोटं सांगून मी तुला बोलावणार नाही. पण मुलगी घरी आली की नाही, हे ती दाराकडे बघून दिवसभर विचारते आहे, आणि मला एकट्याला तिला उत्तर देववत नाही. ये.

तुझाच,
बाबा