पेटी पुढे नेली आहे

चि. सौ. प्रमिला हीस आशीर्वाद.

नदीवरून परतल्यावर ओट्यावर तुझी प्रवासाची पेटी दिसली नाही, तर घाबरू नये. ती घेऊन मी शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर पुढे गेलो आहे.

तू गेलीस तर आपली बहिरी नात धनु हिच्या बोलण्याच्या सरावात खंड पडेल, म्हणून मूकबधिर-शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईस न जाण्याचे तू काल ठरवलेस. "बी.टी. व्हयनी, आते आखो काय शिकनं ऱ्हायनं?" असे विचारणाऱ्या तुझ्या सासूबाई त्यामुळे सुखावतील, हा माझा अंदाज साफ चुकला. आज सकाळी त्या तुझ्याच पद्धतीने धनुचा हात आपल्या गळ्यावर ठेवून, "बोल बेटा, माय!" असे शिकवीत होत्या. चालत्या इंजिनावर हात ठेवून ठोका तपासावा, तशी धनु एकाग्र होती. त्यांच्या खणखणीत आवाजाचा इतक्या वर्षांत प्रथमच सदुपयोग होत आहे. मला म्हणाल्या, "धनुनं मी दखी लिसू. सूनले धाडा."

तरी धनुची काळजी त्यांच्यावर सोडून, भाकरी बांधून घेऊन निघावे. निघताना सासूबाईंच्या पाया पड. मात्र धडा चालू असल्यास तो संपेपर्यंत थांब. एस.टी. मी थांबवून धरतो.

आबा