पंडुमाच्या आधीची कैरी

मु. येरमेटोला, ता. गडचिरोली
१६ मार्च १९५८

तीर्थस्वरूप देवाजी भाऊजी यांच्या चरणी,

पत्रूचा नमस्कार पोचावा. तुमची कंबर आता कशी आहे? अन्नपूर्णाताईने मागच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्ही खुर्चीत बसता आपले आपण, पण उठवायला दोन माणसं लागतात. देव करो आणि आता एकावर भागत असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माझी प्रकृती म्हणाल तर ताप नाही, पोट ठीक आहे, फक्त गेल्या सोमवारी जो आ वासला तो अजून नीट मिटत नाही. याला कारण तुम्ही आहात. (रागावू नका. सगळं कारण तुम्ही नाही, पण मोठा वाटा तुमचा.)

दिवाळीच्या सुट्टीत ब्रह्मपुरीला तुम्ही आम्हा खेड्यातल्या मास्तरांचा तीन दिवस वर्ग घेतलात. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आता पोरांना दशांश अपूर्णांक आलेच पाहिजेत, हे मला मान्य. पण माझं स्वतःचं गणित पावकी-निमकीचं. औटकी पाठ होईपर्यंत माझे दोन उन्हाळे गेले आणि आबांच्या तीन छड्या मोडल्या. ते दशांशाचं टिंब पुस्तकात पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी शाईचा डाग समजून खोडरबराने घासलं होतं. (पानाला भोक पडलं.) तुम्ही म्हणालात, तोंडी शिकवू नका, गावात जे मिळेल ते वर्गात आणा, पोरांच्या हातात द्या, हात लागला की गणित आपोआप डोक्यात जातं. ताईचं लग्न झाल्यापासून मी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही, तो इथेही दिला नाही. भोगतो आहे.

आधी बांबू आणला. एक बांबू म्हणजे पूर्ण एक, त्याचे दहा सारखे तुकडे म्हणजे दशांश, एका तुकड्याच्या दहा काड्या म्हणजे शतांश. इथली पोरं बांबू अशी फाडतात की आपण नुसतं पाहत राहावं. दुसऱ्या दिवशी वर्गात एकही शतांश शिल्लक नव्हता. चौकशी केली तर सुकरी नावाच्या मुलीने मान खाली घालून सांगितलं की काड्या चांगल्या होत्या म्हणून आईने टोपलीला लावल्या. मग मी चारोळ्या आणल्या. त्या बिरजू नावाच्या पोराने मधल्या सुट्टीआधीच संपवल्या. तीन महिने मी फळ्यावर शून्य आणि टिंब काढत होतो आणि एकोणीस पोरं माझ्याकडे टुकूटुकू पाहत होती. त्यात बुधरी म्हणून दहा वर्षांची एक मुलगी आहे, इथल्या झिंगू गायत्याची नात. (गायता म्हणजे गावचा पुजारी. गावात पान हललं तरी आधी त्याला कळतं.) ती तर हजेरीलासुद्धा बोलत नसे, नुसता हात वर करी.

सोमवारी मी कैरी आणली. शाळेमागच्या आंब्याला पहिल्याच कैऱ्या लागल्या होत्या. कोय धरली नव्हती, म्हणजे विळीवर लोण्यासारखी कापली जाईल. टेबलावर विळी मांडली, पोरांना जवळ बोलावलं आणि पहिला काप मारला. भाऊजी, वर्गात असा सन्नाटा मी जन्मात पाहिला नाही. मला वाटलं, लागलं एकदाचं ध्यान! उत्साहाने दहा फोडी केल्या, ओळीने मांडल्या, म्हटलं या, उचला एकेक दशांश. कोणी हलेना. मला वाटलं मीठ नाही म्हणून लाजतात. खिशातली मिठाची पुडी काढली, एक फोड लावून स्वतः खाल्ली, वाहवा म्हणून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा वर्गात फक्त पाट्या होत्या.

तोंडात दुसरी फोड, हातात विळी आणि समोर एकोणीस पाट्या, असा मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी शेजारच्या सोमारीबाईने कुंपणापलीकडूनच सांगितलं. इथे पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा कापत नाहीत. आधी देवाला, पूर्वजांना, मग माणसाला. लहान पोर खाली पडलेली कैरीसुद्धा दाताला लावत नाही. आणि पंडुमाला अजून तीन आठवडे होते! तोंडातली उरलेली अर्धी फोड मी खिडकीतून भिरकावली. दोन वर्षं या गावात राहतो, यांच्या घरी जेवतो, आणि एवढं मला ठाऊक नसावं? (ब्रह्मपुरीत आपण फाल्गुनातच कैरीचं पन्हं करतो हे मी तिला सांगायला गेलो. ती घरात निघून गेली.)

मंगळवारी एकही पोर आलं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. पंचवीस तारखेला तपासनीससाहेब येणार. मागच्या तपासणीत त्यांनी लाल शाईने लिहून ठेवलं आहे की पट दहाच्या खाली गेला तर शाळा नदीपलीकडच्या गावात हलवावी. पावसाळ्यात ती नदी माणसाला ओलांडता येत नाही, म्हणजे या पोरांची शाळा संपली. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या बदलीसाठी तुम्ही कंबर धरण्याआधी चांद्याच्या कचेरीत खेटे घातलेतच. पण रिकाम्या वर्गात हजेरीपट उघडून बसलो, एकेक नाव वाचलं आणि मला रडू आलं. ताईला हे सांगू नका.

शुक्रवारी गोटुलासमोर, म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींच्या घरासमोर, पंचायत बसली. मला मानाने खाट दिली, तिनेच मी अर्धा मेलो. झिंगू गायत्याने विचारलं, मास्तर, खाल्ली का? मी म्हटलं, चाखली थोडीशी.

"थोडीशी म्हंजे कितीक?"

मी म्हटलं, अगदी जिभेला लावली. तेवढ्यात बायांच्या मागून बुधरी उभी राहिली. हीच ती, हजेरीला न बोलणारी!

"नाई, आजा. दहा फोडी होत्या. गुरुजीनं एक पुरी खाल्ली, दुसरी अर्धी खाल्ली, अर्धी खिडकीतून फेकली, ते माह्या पायाशी पडली. शून्य टिंब एक पाच."

गायता म्हणाला, हे काय असते? तिने काडी घेतली, धुळीत एक चौकोन काढला, त्याचे दहा पट्टे केले, प्रत्येक पट्ट्याची दहा घरं केली आणि पंधरा घरांवर फुल्या मारल्या. सारं गाव वाकून पाहत होतं. भाऊजी, भर पंचायतीत माझं खोटं पकडलं गेलं होतं, मान खाली घालायची वेळ होती, आणि मी खाटेवरून उठून ओरडलो, "शाब्बास बुधरी! एकदम बरोबर!"

गायता उठून उभा राहिला. मला वाटलं, आता गावाबाहेर काढतात.

"पोरगी मास्तरापुढं भेली नाई, खरं बोलली," तो म्हणाला. "हे तुमीच शिकवलं असन त पोरं उद्यापासून येतीन. पण कोंबडा द्या लागते. पंडुमाच्या दिवशी."

शनिवारी एकोणीसच्या एकोणीस हजर. बुधरीने हजेरीला तोंड उघडून "हाव जी" म्हटलं. मी मात्र अजून धक्क्यातच आहे. तेवढं तुमच्या पद्धतीबद्दल वाईट बोललेलं मागे घेतो. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

आपला मेहुणा,
पत्रू

ता. क. : बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचला असेल तर कृपा करून तो कोणाला तरी कागदांच्या तळाशी सरकवायला सांगा. कारण खाली लिहितो.

आणखी ता. क. : वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी चोरली. वर्गात कैरी नेण्याआधी त्याच सकाळी घरी मी एक कापून पाहिली होती. तिच्या फोडी अकरा झाल्या. अकरा फोडींनी दशांश कसे शिकवणार? पुरावा राहू नये म्हणून मी ती मिठासकट सबंध खाल्ली. हे कोणालाच ठाऊक नाही. पंचायतीतही मी बोललो नाही, आणि परवापासून गायता सगळ्यांना सांगत फिरतो आहे की पंडुमाची पहिली फोड या वर्षी मास्तरच्या हातावर ठेवायची. ती मला अशी घेववणार नाही, आणि हे कबूल केल्याशिवाय गावही सोडवणार नाही.

म्हणून खरी विनंती ही. पंडुमाला तुम्ही या. बैलगाडीत गवत टाकून झोपून या, पण या, आणि येताना एक कोंबडा आणा. इथे दुसरा मागितला तर आधी कारण विचारतील. मी बोलायला उभा राहीन तेव्हा जवळ बसा, माझ्या एकट्याच्याने होणार नाही. मी फक्त ती सबंध कैरी कबूल करणार आहे. बेरीज बुधरी करील.