मनगट मोडायचं नाही

४ मार्च

चि. भाऊजी यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी ठीक आहे. तुमचे दादा गोल्फमध्ये आहेत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी तुम्ही आपल्या जुन्या काठ्या त्यांच्या हाती दिल्यात त्याला दोन वर्षं झाली. दिल्यात हौसेनं, भोगतेय मी. लांबचा फटका त्यांचा झकास जातो हे तुम्हीच सांगता. घोडं पेंड खातं ते हिरवळीच्या काठाशी. खड्डा वीस पावलांवर, आणि चेंडू एकदा अलीकडे, एकदा पार पलीकडच्या वाळूत. हत्ती गेला नि शेपूट राहिलं.

या शेपटाचा सराव हल्ली माझ्या बैठकीच्या खोलीत चालतो. गेल्या आठवड्यात कुंडी गेली. काल मी डोळे मिटून प्रार्थनेला बसले होते, तर चेंडू थेट देवापुढच्या दिव्यावर! यांनी दारातून डोकावून विचारलं काय, तर चेंडूला तेल लागलं का.

आता म्हणतात, जवळच्या फटक्यांसाठी वेगळी नवी काठी हवी. नाचता येईना अंगण वाकडं! मी साफ नाही म्हटलंय. तुम्ही फूस देऊ नका; बिनखर्चाची युक्ती असेल तर कळवा. आणि मे महिन्यातल्या तुम्हा भावांच्या जोडीच्या सामन्याबद्दल या खेपेस तुमच्या पत्रात अवाक्षर नाही, ते का?

लोभ आहे म्हणूनच रागावते.
तुमची वहिनी

११ मार्च

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. गेल्या वर्षी शेवटच्या खड्ड्याशी दादाने काठावरून पाच फटके घेतले आणि सांगितले तीन. समोरच्या जोडीतला दातांचा डॉक्टर मोजत होता. त्याने हळूच पुन्हा मोजायला सुचवलं, तर दादा त्याच्यावरच उखडला. मी मान खाली घालून बुटांकडे बघत राहिलो. खेळ हरल्याचं काही नाही गं, पण लहानपणी मला खरं बोलायला शिकवलं ते त्यानेच.

म्हणून यंदा कचेरीतल्या सोबत्याला जोडीला घ्यावं म्हणतो. दादाला हे तू सांगशील का? माझी जीभ रेटत नाही. हां, काठापासून पुढचे फटके त्याने नऊ खड्ड्यांत मिळून सत्ताविसात उरकले आणि मोजणी तुझी असली, तर मी डोळे मिटून त्यालाच घेईन.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा धाकटा दीर

२२ एप्रिल

चि. भाऊजी यांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तुमची सवय शाळेपासूनची. मी काही सांगितलं नाही, तुमचं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. दोन दिवस काठीला हात नाही की धड जेवण नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले की पाचच होते, आणि वर्षभर रोज पाचच आठवतात. मग माझाच राग अर्धा झाला. उरलेला अर्धा कामी आला.

मागचं अंगण झाडायला मी त्यांच्या हाती खराटा दिला. पहिल्याच हाताला मनगटातून असा हिसडा मारला की कचरा भिंतीवर! मी म्हटलं, चाळीस वर्षं झाडतेय, मनगट मोडायचं नाही, खांद्यापासून दोन्ही हात एकत्र न्यायचे, म्हणजे कचरा हवा तिथेच जातो. यांनी खराटा तसाच दोनदा फिरवून पाहिला. मग काठी आणली, बादली आडवी ठेवली, नि दहातले सहा चेंडू आत! तेव्हापासून रोज सकाळी आधी झाडणं, मग चेंडू. अंगण लख्ख आहे, पण माझे कान किटलेत. पोळ्या लाटतानाही माझं मनगट तपासतात.

रविवारी मी जुने बूट घालून नऊही खड्डे त्यांच्या मागून चालले. माझ्या वहीत काठापासूनचे बरोबर सत्तावीस भरले. मी देवाचे आभार मानत होते, तर हे म्हणाले, अठ्ठावीस. सातव्या खड्ड्याशी मी खाली बसून बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा यांची काठी नुसती गवतातून गेली, चेंडू हललाही नाही. हुकला तरी तो फटका धरायचा असतो म्हणे. मी पाहिलं नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं, अट यांना तोंडपाठ होती. रडावं की तोच खराटा यांच्या पाठीत घालावा, मला कळेना. सत्तावीस खोडून अठ्ठावीस लिहिले आहेत.

आता तुम्ही जाणा आणि तुमचे दादा जाणोत.
तुमची वहिनी

२९ एप्रिल

ती. सौ. वहिनीस, सा. न. वि. वि.

तो अठ्ठाविसावा फटका वाचला आणि पत्र घडी करून खिशातच ठेवलं. सोबत्याची मी क्षमा मागितली. तो म्हणाला, सुटलो. अर्जावर दादाचं नाव घातलंय. त्याला सांग, की दातांच्या डॉक्टरांचीच जोडी पहिल्या दिवशी समोर आहे.

एक अडचण आहे. तुझं वाचून मी माझं मनगट पाहिलं. सपशेल मोडतं. शनिवारी मुक्कामालाच येतो. आम्हा भावांत आजवर कसली वाटणी झाली नाही, आता अंगणाची तेवढी करून ठेव. अर्धं त्याने झाडायचं, अर्धं मी.

खराटे दोन हवेत. तुझी माया असू दे.
तुझा धाकटा दीर