गल्लीच्या वतीने हललेली मान

ती. दादा व वहिनी यांना,

धाकट्याचा वाकून नमस्कार. वाकण्याइतकी कंबर अजून शाबूत आहे, यावरून इकडची खुशाली समजावी. दादांचा गुडघा कसा आहे? हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवू नये. दाखवलंच तर इथेच थांबावं.

आमचं शहर, आजूबाजूची चार गावं, एक बँक आणि दोन बांधकामवाले यांनी मिळून जुन्या वस्त्या नव्या करायची भागीदारी काढली आहे, हे मागे कळवलं होतं. (भागीदारी म्हणजे लहानपणी आपण दोघांत एक सायकल घेतली होती तशीच. चालवायची तुम्ही, पंक्चर काढायचं मी.) प्रत्येक वस्तीचा एक प्रतिनिधी हवा होता, तर गल्लीने मला पुढे केलं. कारण विचारलं, तेव्हा शेजारचा न्हावी म्हणाला, "तुम्ही खुर्च्यांच्या गाद्या शिवता. तुम्हाला बसायची सवय." (वास्तविक गाद्या शिवणारा जन्मभर जमिनीवर बसतो. पण ते असो.)

कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून सभा दर खेपेला वेगळ्या गावात. दोन बस बदलून जायचं आणि भिंतीवरचा नकाशा बघायचा. त्यात आमच्या गल्लीच्या जागी झाडं काढलेली. मी विचारलं, "साहेब, आमची गल्ली?" तर म्हणाले, "ती पुढच्या सभेत येईल." (गल्ली कशी येणार? तिलाही मीच बसने न्यायची की काय?) भाषणं तर अशी, की शब्द सगळे ओळखीचे, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसावी. शेवटी मी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागलो. शाळेत गुरुजींनी आपल्याला डोळे मिटून, ठेक्यावर मान हलवत प्रार्थना शिकवली होती, ती खोड माझी अजून गेलेली नाही. बाहेर ठराव चालू, आत प्रार्थना चालू, आणि मान दोन्हींत सामाईक.

मागच्या आठवड्यात दोन माणसं आली आणि माझ्या दुकानाच्या दारावर खडूने फुली मारून गेली. मग न्हाव्याच्या दारावर, मग इस्त्रीवाल्या मावशींच्या. मी भागीदारीच्या कचेरीत धावलो, तर तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "काका, सगळ्यात आधी तुमचीच गल्ली रिकामी करायची, याला तुम्हीच तर दर वेळी मान डोलावलीत! इतका समजूतदार प्रतिनिधी आम्हाला पाचही ठिकाणी दुसरा मिळाला नाही." पुढच्या सभेत हात वर झाले की पक्कं. मग आम्हा सगळ्यांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तात्पुरत्या खोल्या. तात्पुरत्या म्हणजे किती दिवस, असं विचारलं तेव्हा त्यांनीही नुसती मान हलवली.

आता न्हावी दाढी करताना म्हणतो, "मान हलवू नका, प्रतिनिधी. आधीच पुष्कळ हललीय." आमची ही म्हणते, "वर्षभर पडदे बदलू या म्हणतेय, तेव्हा नाही हो हलली ती!" मावशी मात्र माझा सदरा पूर्वीसारखाच कडक इस्त्री करून देतात, ते जास्त लागतं. इस्त्री उचलून नेता येईल, पण गल्लीतली गिऱ्हाइकं कशात बांधून नेणार?

दमलोय, दादा. भांडण मला कधी जमलं नाही. देवाच्या मनात असेल तसं होईल.

आपला,
धाकटा

ता. क. देवाचं नाव घेत होतो हे खरं आहे. पण सभेतल्या खुर्च्या फार चांगल्या असतात. मधूनमधून डुलकी लागलीच नाही, असं त्याच्यासमोर सांगवणार नाही.

आणखी ता. क. प्रतिनिधीला आपल्या जागी घरचा माणूस पाठवता येतो. तुम्ही जन्मात कोणाला चटकन हो म्हटलेलं नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा आधी नाहीच म्हणाला होतात (वहिनींनी क्षमा करावी). तेव्हा पुढच्या सभेला तुम्ही या. भाषण नको. फक्त मान आडवी हलवा आणि डोळे उघडे ठेवा.

शेवटचं. गुडघ्यामुळे उशीर झाला तरी चालेल. पुढची सभा आमच्याच शहरात आहे, आणि तिथल्या सगळ्या खुर्च्या गाद्या बदलायला माझ्याकडे आल्या आहेत. उभ्याने ठराव करायची भागीदारांना सवय नाही. मी गाद्या उसवून ठेवल्यात. तुमचं उत्तर येईपर्यंत सुईत दोरा ओवत नाही.